बेगमपेठेतील एक विच्छेदन

जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोन प्रकरणे अशी आहेत की, त्यांचे नाव निघताच वर्गातील निम्मी मुले नाक मुरडतात आणि उरलेली निम्मी कान टवकारतात. एक सांसर्गिक रोगांचे व दुसरे प्राण्यांच्या विच्छेदनाचे. पहिल्यात रोगजंतूंची लांबलचक नावे, रोगाची लक्षणे आणि प्रतिबंधक उपाय पाठ करावयाचे असतात. दुसऱ्यात एके काळी मेणाच्या ताटात टाचण्यांनी टोचून ठेवलेला बेडूक असे. आता त्याच्या जागी पुस्तकातील रंगीत आकृती असते. ही दोन प्रकरणे पुस्तकात एकमेकांपासून दूर छापलेली असतात आणि परीक्षेतही त्यांवरचे प्रश्न निरनिराळे येतात. त्यामुळे त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे विद्यार्थ्यांच्या सहसा मनात येत नाही. परंतु ही दोन्ही प्रकरणे एकदा एका टेबलावर एकत्र आली होती. ते टेबल आपल्या हैदराबाद-सिकंदराबादच्या जुळ्या शहरांत, बेगमपेठ येथे होते आणि तो दिवस होता २० ऑगस्ट १८९७. त्या दिवशीच्या विच्छेदनाची हकीकत सांगून, तिच्यातून आपण जीवशास्त्र कसे शिकावे याविषयी काही बोध होतो काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

हिवताप हा आपल्या देशाला फार जुना परिचित. आयुर्वेदाच्या ग्रंथांत विषमज्वराचे वर्णन आहे आणि त्यात एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक व दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक, असे भेदही सांगितले आहेत. खेडोपाडी त्यालाच तिजारी, पाळीचा ताप अशी नावे होती. युरोपातही हा रोग होता. दलदलीच्या प्रदेशातील दूषित हवेने तो होतो अशी तिकडील लोकांची समजूत असल्याने, इटालियन भाषेत ‘वाईट हवा’ या अर्थाचे जे शब्द आहेत त्यांवरून ‘मलेरिया’ हे नाव पडले. समजूत अगदीच निराधार होती असे नाही. पाणथळ जागा व ताप यांची सोबत लोकांनी बरोबर हेरली होती. मात्र त्या सोबतीचे कारण त्यांना उमगले नव्हते.

१८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटीन या गावी लाव्हेरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक सजीव परोपजीवी दिसला. तो रक्तातील तांबड्या पेशींत शिरून वाढतो आणि त्याच्या अंगात काळसर रंगाचे बारीक कण असतात. हे काळे कण वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढे सारी कथा त्यांच्यावरच येऊन ठेपणार आहे. तापाचे कारण सापडले. परंतु हा परोपजीवी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्या माणसाच्या रक्तात जातो कसा, हा प्रश्न तसाच राहिला. रोगी खोकला असता तो पसरत नाही, रोग्याला शिवल्याने जडत नाही. मग मधला वाटाड्या कोण?

पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी चीनमध्ये असताना १८७७ च्या सुमारास हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे दाखविले होते. त्यावरून हिवतापाचा वाटाड्याही डासच असावा, असा त्यांचा तर्क होता. १८९४ साली लंडन येथे त्यांनी हा तर्क आणि रक्तातील तो परोपजीवी, दोन्ही गोष्टी रजेवर आलेल्या एका डॉक्टरांना दाखविल्या. त्यांचे नाव रोनाल्ड रॉस. त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झालेला, म्हणजे मेरठला शिपायांनी उठाव केल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी. १८८१ पासून ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरीत होते. १८९५ साली ते परत आले आणि सिकंदराबादच्या छावणीत मद्रासच्या पायदळाच्या पलटणीबरोबर रुजू झाले. मॅन्सन यांचा तर्क खरा की खोटा, हे पाहण्याचा त्यांनी निश्चय केला.

पाहावयाचे म्हणजे काय करावयाचे? हिवतापाच्या रुग्णाला डास चाववावयाचे, ते डास काही दिवस जिवंत ठेवावयाचे, मग ते मारून त्यांचे विच्छेदन करावयाचे आणि त्यांच्या शरीरात तो परोपजीवी कोठे आढळतो का, हे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली कणाकणाने शोधावयाचे. सांगावयास हे चार ओळींत संपते. करून पाहणाऱ्यास मात्र ती कठोर तपश्चर्या होते. डासाचे विच्छेदन करण्याची रीत साधारण अशी आहे. काचपट्टीवर खारट पाण्याचा एक थेंब घेऊन त्यात पंख व पाय काढलेली डासाची मादी ठेवतात. एका सुईने छाती दाबून धरतात आणि दुसऱ्या सुईने पोटाची शेवटची वळी हलकेच मागे ओढतात. हात स्थिर असेल तर अखंड जठर थेंबात बाहेर येते. किंचित थरथरला तर ते फाटते आणि सारे श्रम वाया जातात. त्यानंतर त्या इवल्याशा जठराची भिंत पेशीमागून पेशी अशी तपासावयाची.

रॉस यांनी हे काम दोन वर्षे केले आणि त्यांच्या हाती काही लागले नाही. मध्यंतरी पटकीच्या साथीच्या कामासाठी त्यांना बंगळूरला पाठविण्यात आले. उटकमंडजवळच्या सिगूर घाटात शोध करीत असता त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. परत आल्यावर ऐन उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा काम सुरू केले. पंखा हलविला तर समोरचे डास उडून जात, म्हणून तो बंद ठेवीत. हातांच्या व कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि भिंगाला चीर गेली. इतके करूनही पदरी निराशाच, याचे कारण पुढे कळले. ते आजवर जे डास तपासीत होते ते करड्या व पट्ट्यापट्ट्यांच्या जातींचे होते आणि त्या जातींत माणसाच्या हिवतापाचा परोपजीवी वाढतच नाही. डासांना जाती असतात, आणि एका जातीला जमते ते दुसरीला जमत नाही, ही साधी गोष्ट त्या काळी कोणाच्या फारशी ध्यानी आली नव्हती.

१८९७ च्या ऑगस्टच्या मध्यास एका मदतनिसाने आणलेल्या अळ्यांतून निराळेच डास निघाले. रंग तपकिरी, पंखांवर ठिपके. आज आपण त्यांना ॲनोफिलीस म्हणतो. १६ ऑगस्ट रोजी हे डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चाववण्यात आले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. त्यानंतर एकेक करून त्या डासांचे विच्छेदन सुरू झाले. काही मेले, काहींत काही दिसले नाही. २० ऑगस्टला, रक्त प्यायल्यापासून चौथ्या दिवशी, रॉस यांनी उरलेल्या डासांपैकी एकाचे जठर बाहेर काढले. जठराच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या. त्या जठराच्या नेहमीच्या पेशींसारख्या नव्हत्या. भिंग अधिक नेमके लावून पाहता त्या प्रत्येक पेशीत काळसर रंगाचे बारीक कण आढळले. लाव्हेरान यांना माणसाच्या रक्तात दिसले होते, तसेच ते कण!

येथे क्षणभर थांबून रॉस यांची विचारसरणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण विज्ञानाचा खरा धडा तीत आहे. नुसती अनोळखी पेशी दिसली म्हणजे शोध लागला, असे होत नाही. ती डासाचीच एखादी पेशी असेल, किंवा डासाला झालेला एखादा वेगळाच रोग असेल. परंतु त्या काळ्या कणांनी साक्ष दिली. हिवतापाचा परोपजीवी तांबड्या पेशींतील रक्तद्रव्य खातो आणि जे त्याला पचत नाही ते या कणांच्या रूपाने त्याच्या अंगात साठते. इतर डासांच्या शेकडो जठरांत रॉस यांना असे कण कधी आढळले नव्हते. म्हणजे जे दोन वर्षे दिसले नाही, तेच आता उपयोगी पडले. रिकाम्या गेलेल्या विच्छेदनांनी त्यांना निरोगी जठर कसे असते, हे शिकवून ठेवले होते. तरीही एक शंका उरत होती: या पेशी वाढतात का? दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, त्यांनी शेवटच्या डासाचे विच्छेदन केले. त्यातही तशाच पेशी होत्या आणि आदल्या दिवशीच्या पेशींहून त्या मोठ्या होत्या. परोपजीवी डासाच्या अंगात जिवंत होता व वाढत होता. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी ही हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली.

काम मात्र पुरे झाले नव्हते. रॉस यांची बदली राजपुतान्यात झाली आणि तेथे त्यांच्या शोधास खंड पडला. १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले. तेथे महंमद बक्श हे त्यांचे मदतनीस होते. जठराच्या भिंतीतील पेशी पिकून फुटतात, त्यांतून निघालेले सूक्ष्म जंतू डासाच्या लालापिंडांत जातात आणि डास चावताना लाळेबरोबर नव्या प्राण्याच्या रक्तात उतरतात, हे त्यांनी दाखविले. असे डास चावून निरोगी चिमण्या आजारी पडल्या. माणसाच्या हिवतापाचा हाच क्रम ॲनोफिलीस डासांत ग्रासी प्रभृती इटालियन शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी सिद्ध केला. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. हुसेन खानाचे पुढे काय झाले, हे इतिहासाने नोंदविलेले नाही. पण त्याने आपला दंड पुढे केला नसता तर त्या डासाच्या पोटात काहीच सापडले नसते, हे आपण विसरता कामा नये.

रोगाचा मार्ग कळणे याला एवढे महत्त्व का, हे १८९७ याच वर्षी महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. मुंबईत १८९६ साली आणि पुढे पुण्यात प्लेगची साथ पसरली. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या रुग्णालयात रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारे माणसास होतो, ही गोष्ट अद्याप कोणास ठाऊक नव्हती. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ती कराचीस १८९८ साली दाखविली. मार्ग ठाऊक नसल्याने सरकारचा बडगा रोगाऐवजी माणसांवर पडला. गोरे शिपाई घराघरांत शिरले, सामानसुमान बाहेर फेकले गेले, बायामाणसांची विटंबना झाली. लोकक्षोभ पेटला आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोगाचा वाटाड्या ओळखता आला नाही की प्रत्येक शेजारी संशयित वाटू लागतो. तो ओळखता आला की माणसाला सोडून पिसवेला, डासाला किंवा दूषित पाण्याला गाठता येते. सांसर्गिक रोगांचे प्रकरण शाळेत शिकवावयाचे ते याचसाठी.

आता विच्छेदनाकडे वळू. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी जे विज्ञानशाखेत शिकले, त्यांना बेडकाचे विच्छेदन आठवत असेल. क्लोरोफॉर्मने निपचित केलेला बेडूक मेणाच्या ताटात उताणा ठेवावयाचा, पाय टाचण्यांनी टोचावयाचे, कातडी कापून बाजूस सारावयाची आणि हृदय, यकृत, फुप्फुसे, आतडी यांना नावे लावावयाची. त्यापासून काहीच लाभ होत नसे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आकृतीत निळ्या-तांबड्या रंगांनी वेगळी दाखविलेली इंद्रिये प्रत्यक्षात किती एकमेकांना लगटून असतात, हे त्या ताटातच कळे. कित्येकांच्या मनात वैद्यकाची ओढ तेथेच उत्पन्न झाली. कित्येकांना तेथेच कायमची किळसही बसली.

परंतु बेगमपेठेतील विच्छेदनाशी ताडून पाहता त्यात एक मोठी उणीव दिसते. बेडूक कापणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रश्न नसे. आत काय आहे हे पुस्तकात आधीच छापलेले असे. त्याच्याशी जुळवून नावे लिहावयाची, एवढेच काम. वर्षानुवर्षे, शाळाशाळांतून व महाविद्यालयांतून, तेच उत्तर पडताळण्यासाठी बेडूक मारले गेले आणि ते बहुधा शेताशिवारांतून व तळ्यांतून पकडून आणलेले असत. पिकांवरील किडी खाऊन बेडूक शेतकऱ्याची मोठी कामगिरी करतो. परदेशी पाठविण्यासाठी होणाऱ्या त्याच्या संहारावर भारत सरकारने १९८७ साली बंदी घातली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदाही सांगतो की, पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. हळूहळू शाळांतून विच्छेदन गेले आणि २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतूनही ते बंद करण्यास सांगितले.

झाले हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. परंतु त्याबरोबर एक भीतीही वाटते. बेडूक गेला तो जाऊ द्यावा. पण त्याच्यामागोमाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवयही वर्गातून निघून गेली, तर जीवशास्त्र हा केवळ पाठांतराचा विषय होऊन बसेल. रॉस यांच्यापाशी होती ती जिज्ञासा, तो धीर आणि निरोगी काय व रोगट काय हे ओळखणारी नजर. यांतील एकही गोष्ट मिळविण्यासाठी बेडूक मारावा लागत नाही. जास्वंदीचे फूल उभे चिरून त्यातील बीजांडे मोजता येतात. आणि हैदराबादच्या विद्यार्थ्याला तर याहून मोठा प्रयोग घरच्या अंगणातच उपलब्ध आहे.

पावसाळ्यात घराभोवती हिंडून पाहावे. हौद, झाकण नसलेली टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेले टायर, यांत साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्यांतील थोड्या पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्याव्यात आणि बरणीचे तोंड पातळ फडक्याने घट्ट बांधावे. हे काम वडील मंडळींच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. आता रोज एकदा निरीक्षण करून वहीत टिपावे. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहत असेल तर ती ॲनोफिलीसची, म्हणजे हिवतापाच्या घराण्यातील. शेपटीकडील श्वासनलिका वर टेकवून डोके खाली करून लोंबत असेल तर ती क्युलेक्स किंवा एडीस यांपैकी एकाची. क्युलेक्सला घाण पाणी मानवते आणि हत्तीरोगाचा प्रसार तो करतो. एडीस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि डेंग्यूचा प्रसार करतो. अळीचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोश होतो आणि कोशातून डास निघतो. रक्त पिते ती केवळ मादी; नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. बरणीतील डास बाहेर सोडू नयेत. ते मेल्यावर भिंगाखाली पंख, पाय व सोंड पाहावी. आधीच मेलेल्या डासाचे हे विच्छेदन कोणाच्या मनास लागणार नाही.

या निरीक्षणातून एक आकडा आपोआप हाती येतो. आपल्या हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सारी पाण्याची भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली, तर अळीचा डास होऊच शकत नाही. ‘कोरडा दिवस पाळा’ हे वाक्य भिंतीवर वाचलेला मुलगा ते विसरेल. परंतु बरणीत दिवस मोजलेला मुलगा घरी जाऊन हौदावर झाकण टाकल्याशिवाय राहणार नाही.

आणि विसरणे परवडणारे नाही, हे आपल्या देशाच्या इतिहासानेच दाखविले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरोघरी डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखापर्यंत खाली आली. विजय मिळाला असे वाटून ढिलाई आली, डासही औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. त्यानंतर पुन्हा नेटाने प्रयत्न होऊन तो पुष्कळच खाली आणण्यात आला आहे. तरी साऱ्या जगात हा रोग अजून दरसाल सुमारे सहा लाख बळी घेतो आणि त्यांत आफ्रिकेतील लहान मुलांचा भरणा फार मोठा आहे. औषध सापडले म्हणून रोग संपत नाही. त्याचा मार्ग प्रत्येक पिढीला नव्याने शिकून घ्यावा लागतो.

बेगमपेठेत जुन्या विमानतळाजवळ ती इमारत अजून उभी आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या त्या संस्थेला रॉस यांचेच नाव आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांबरोबर तेथपर्यंत एकवार अवश्य जावे. पण ज्या प्रश्नाने रॉस यांना दोन वर्षे झोपू दिले नाही, त्याचा दुसरा अर्धा भाग सोडविण्याचे काम त्या इमारतीत व्हावयाचे नसून आपापल्या घरच्या हौदाशी व्हावयाचे आहे. डास रोग कसा नेतो, हे आपल्या शहराने जगाला सांगितले. तो आपल्या गल्लीत वाढणार नाही, हे पाहणे आता आपल्याकडे आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने एक बरणी, एक भिंग आणि एक वही एवढे साहित्य जमवावे आणि आठ दिवसांची टिपणे घेऊन वर्गात यावे. त्या वहीत जे उतरेल ते कोणत्याही पुस्तकातून उतरवून घेतलेले नसेल, आणि विज्ञानाचा आरंभ तेथूनच होतो.